अनुशेषाची फूटपट्टी

डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरलं की टेकडी रोडवर, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर मोर्चे अडवले जातात. फलक निरनिराळे, मागण्या निरनिराळ्या. पण विदर्भाच्या अनुशेषाचा उल्लेख झाल्याशिवाय भाषण संपत नाही. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, नोकरभरतीचा अनुशेष. बाहेरच्या माणसाला ही नुसती घोषणा वाटते. तिच्यामागे समित्या आहेत, तक्ते आहेत, सूत्रं आहेत आणि त्या सूत्रांवरून झालेली कडाक्याची भांडणं आहेत. विषमता वाढते आहे की घटते आहे हे ओळखायचं कसं, या प्रश्नात शिरायला मराठी वाचकासाठी याहून जवळची वाट नाही.

२८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. मराठी भाषकांचं एक राज्य व्हावं म्हणून विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या नेत्यांनी जे मान्य केलं, त्यात विकासाचा खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावा, मराठवाड्याच्या मागासपणाकडे खास लक्ष द्यावं आणि त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे यावा, अशी कलमं होती. पुढे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१(२) मध्ये विकास मंडळांची सोय केली. हिशेब द्यायचा, एवढं ठरलं. तो कशाचा द्यायचा आणि कोणत्या मापाने, हे मात्र पुढची तीस वर्षं कोणी ठरवलं नाही.

ते काम १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्याकडे आलं. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या या अर्थतज्ज्ञाने नीलकंठ रथ यांच्यासह १९७१ मध्ये देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला होता. उष्मांकांवरून किमान खर्च ठरवायचा आणि त्याखाली किती माणसं आहेत ते मोजायचं, ही त्यांची रीत. महाराष्ट्रातला प्रादेशिक असमतोल मोजताना त्यांच्या समितीने अशीच थेट रीत धरली. रस्ते, सिंचन, गावांचं विद्युतीकरण, सर्वसाधारण शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास आणि पशुवैद्यकीय सेवा अशी नऊ क्षेत्रं घेतली. प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याला सरासरीपर्यंत आणायला किती काम लागेल ते मोजलं आणि त्या कामाची किंमत रुपयांत मांडली. तो त्या जिल्ह्याचा अनुशेष. १९८४ च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचा वाटा ३९.१२ टक्के, मराठवाड्याचा २३.५६ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७.३२ टक्के.

ज्यांना मागास म्हणायची सवय नव्हती त्या उर्वरित महाराष्ट्राच्या वाट्याला एक तृतीयांशाहून जास्त अनुशेष आला, हे अनेकांना खटकलं. पण पद्धत सर्वांना एकच होती. कोकणातला दुर्गम तालुका आणि मेळघाटातलं गाव एकाच फूटपट्टीने मोजायचं असेल तर असं होणारच, आणि तेच तिचं बळ होतं.

ही रीत जगाला अनोळखी नाही. सरासरीच्या खाली असलेल्यांची तूट एकत्र करायची आणि तिला एकूण रकमेने भागायचं, असं माप इटलीचे गेटानो पिएत्रा यांनी १९१५ मध्ये आणि अमेरिकेचे एडगर हूव्हर यांनी १९३६ मध्ये मांडलं. सगळे समान व्हायला एकूण उत्पन्नातला किती हिस्सा वरच्यांकडून खालच्यांकडे जायला हवा, ते या मापातून कळतं. दांडेकरांच्या हिशेबात फरक एवढाच की त्यांनी तुटीला भागलं नाही, ती रुपयांत तशीच ठेवली, आणि ती माणसांच्या उत्पन्नाची नव्हती, सोयींची होती. हा फरक लहान दिसतो. काळानुसार तुलना करायला बसलं की तोच सगळा घोळ घालतो.

उदाहरणासाठी नागपुरातली पाच घरं कल्पू. ठिय्यावर उभं राहून काम मिळवणाऱ्या मजुराचं घर महिन्याला ८ हजारांवर चालतं, धुणीभांडी करणाऱ्या बाईचं १२ हजारांवर, ई-रिक्षावाल्याचं १५, खासगी कंपनीतल्या कारकुनाचं २५ आणि डॉक्टरचं ९० हजारांवर. एकूण दीड लाख, सरासरी ३० हजार. पहिली चार घरं सरासरीच्या खाली आहेत आणि त्यांची तूट २२, १८, १५ आणि ५ मिळून ६० हजार भरते. दीड लाखात ६० हजार म्हणजे हूव्हरचं माप ४० टक्के.

दहा वर्षांनी सगळ्यांचं उत्पन्न दुप्पट झालं, असं धरू. हूव्हर ४० टक्क्यांवरच राहतो, कारण प्रमाण बदललेलं नाही. पण रुपयांतली तूट ६० हजारांवरून १ लाख २० हजार झाली. मजूर आणि डॉक्टर यांच्यातलं अंतर ८२ हजारांचं होतं, ते १ लाख ६४ हजारांचं झालं. मग विषमता वाढली की तेवढीच राहिली? अर्थतज्ज्ञांत यावर एकमत नाही. फ्रान्सच्या सर्ज-क्रिस्तोफ कोल्म यांनी १९७६ मध्ये या दोन भूमिकांना राजकीय नावंच देऊन टाकली: प्रमाण पाहणारी उजवी, अंतर पाहणारी डावी. महागाई काढून टाकली की अंतराचा आकडा बराच खाली येतो, पण खरी वाढ झाली असेल तर तो उरतोच. माझं मत असं की दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापावेत. घर घ्यायला निघालेल्या मजुराला जमिनीच्या भावात डॉक्टरशी स्पर्धा करावी लागते, ती टक्क्यांत होत नाही.

आता जरा वेगळी दहा वर्षं कल्पू. त्याच घरांचं उत्पन्न अनुक्रमे २०, २४, ३०, ४२ आणि १८४ हजार झालं. एकूण तीन लाख, सरासरी ६० हजार. तूट भरते १ लाख २४ हजार, म्हणजे हूव्हर ४१.३ टक्के. विषमता वाढली! पण जिनी निर्देशांक काढला तर तो ०.४७२ वरून ०.४६१ वर आलेला दिसतो. विषमता घटली! इटलीचे कोर्रादो जिनी यांनी १९१२ मध्ये दिलेलं हे माप प्रत्येक घराची प्रत्येक दुसऱ्या घराशी तुलना करतं, त्यामुळे तळाच्या मजुराचं अडीचपट झालेलं उत्पन्न त्यात उमटतं. हूव्हरला सरासरीच्या खालचे सगळे सारखे. कारकुनाची वाढ मागे पडली ती त्याला दिसते, मजुराची पुढे गेली तिचं वेगळं मोल तो देत नाही. आकडे खोटे कोणाचेच नाहीत. तळ थोडा वर आला, टोक थोडं फुगलं आणि मधले दोघांमध्ये दाबले गेले, हे घडलेलं पूर्ण सांगायला एक संख्या पुरत नाही.

विदर्भात नेमकं हेच झालं, फक्त मापं वेगळी होती. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं स्थापन झाली. त्यानंतर निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ रोजीचा अनुशेष नव्याने काढला, तो सुमारे १४,००७ कोटी निघाला आणि त्यात विदर्भाचा वाटा निम्म्याजवळ गेला. ३,१८७ चे १४,००७ झाले म्हणजे दरी चौपटीहून जास्त रुंदावली, असं भाषणांत सांगितलं जाऊ लागलं. पण या दशकभरात सिमेंट, पोलाद आणि मजुरीचे दर चढले होते, मोजणी नव्याने झाली होती, आणि राज्याची सरासरी स्वतःच वर सरकली होती. या दोन रकमांची वजाबाकी करून काहीच सिद्ध होत नाही. विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांवरून वर चढला, हे मात्र गंभीर होतं. किमती चढल्या त्या सगळीकडे चढल्या. एकाच प्रदेशाचा वाटा वाढण्याचं खापर महागाईवर फोडता येत नाही.

रुपयांच्या मापाने आणखी एक नुकसान केलं. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झालं. मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता. पुढे सुधारित खर्च १८ हजार कोटींच्या पलीकडे गेला. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजवायची, हे उद्दिष्ट तेवढंच राहिलं. खर्च झालेला रुपया अनुशेष भरून निघाल्याचा पुरावा धरला, तर रखडलेला प्रकल्प जितका महागेल तितका अनुशेष कागदावर लवकर संपतो. म्हणून आर्थिक अनुशेष आणि भौतिक अनुशेष अशी फोड करावी लागली. सिंचनाचा आर्थिक अनुशेष दूर झाल्याचं सांगितलं गेलं, तेव्हाही अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा या चार जिल्ह्यांचा भौतिक अनुशेष शिल्लकच होता. तो हेक्टरांत मोजतात आणि वेगवेगळ्या पिकांना लागणारं पाणी एका मापात यावं म्हणून रब्बी ज्वारीशी समतुल्य करून मांडतात. काटेपूर्णा नदीच्या काठच्या कास्तकाराला विचारलं तर या दोनांतला खरा अनुशेष कोणता, ते तो एका वाक्यात सांगेल.

२०११ मध्ये विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली नवी समिती नेमली गेली. तिचा अहवाल २०१३ मध्ये तयार झाला आणि डिसेंबर २०१४ मध्ये नागपूरच्याच अधिवेशनात मांडला गेला. केळकर समितीने जिल्ह्याऐवजी तालुक्याकडे पाहण्याचा आग्रह धरला आणि दरडोई उत्पन्नाचं अंतरही मांडलं: उर्वरित महाराष्ट्राच्या तुलनेत विदर्भ सुमारे २७ टक्क्यांनी मागे, मराठवाडा सुमारे ४० टक्क्यांनी. विदर्भात या अहवालावर टीका झाली, तिची कारणं राजकीय होती आणि काही अंशी रास्तही. तालुक्याचा मुद्दा मात्र मला निर्विवाद वाटतो. दरडोई उत्पन्नात नागपूर जिल्हा राज्यातल्या वरच्या जिल्ह्यांत असतो आणि गडचिरोली तळाशी. दोघांना विदर्भ म्हणून एका सरासरीत घातलं की नागपूर गडचिरोलीला झाकतं. आणि खुद्द नागपूर जिल्ह्याच्या सरासरीत मिहान-बुटीबोरीतले उद्योग आणि कोराडी-खापरखेड्याची औष्णिक केंद्रं यांचं उत्पादन असतं. कोराडीतल्या विजेचं मूल्य जिल्ह्याच्या उत्पन्नात धरलं जातं, ते राखेने माखलेल्या गावात राहतंच असं नाही. सरासरीपासूनची जिल्ह्याजिल्ह्यांतली दरी पूर्ण बुजली तरी जिल्ह्याच्या आतली दरी तशीच राहू शकते किंवा वाढूही शकते. डच अर्थतज्ज्ञ हेन्री थील यांनी १९६७ मध्ये असं माप दिलं की ज्यात प्रदेशांमधली विषमता आणि प्रदेशांच्या आतली विषमता वेगळी काढून पुन्हा बेरीज करता येते. अनुशेषाच्या एवढ्या मोठ्या वादात हा दुसरा भाग कोणीच मोजला नाही. एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. जागेचं मूल्य वाढलं, नागपूरची सरासरी वाढली, आणि गिरणीतून बाहेर पडलेला विणकर कुठल्या तक्त्यात गेला याचा अनुशेषाच्या हिशेबात मागमूस नाही.

घरांच्या आत डोकावायचं असेल तर राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाकडे जावं लागतं. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये सुरू झालेल्या या सर्वेक्षणात घरचा खर्च विचारला जातो. प्रगणक दारात बसून विचारतो: तांदूळ, गहू, डाळ गेल्या ३० दिवसांत किती? तेल, भाजी, अंडी, मांस, फळं गेल्या ७ दिवसांत किती? कपडे, चपला, शाळेची फी, दवाखान्यात भरती होण्याचा खर्च गेल्या ३६५ दिवसांत किती? हे ७, ३० आणि ३६५ पूर्वी असे नव्हते. बराच काळ सगळ्याच वस्तूंसाठी ३० दिवसच विचारत. भाजीचा महिन्याचा खर्च आठवत नाही, आठवड्याचा आठवतो, म्हणून ७ दिवसांनी विचारलं की खर्च जास्त निघतो. १९९९-२००० च्या फेरीत एकाच घरात दोन्ही कालावधी विचारले, उत्तरं एकमेकांत मिसळली आणि त्या वर्षी गरिबी खरंच किती घटली यावर पुढे कित्येक वर्षं वाद झाला. २०१७-१८ च्या फेरीचे निष्कर्ष सरकारने जाहीरच केले नाहीत. २०२२-२३ च्या फेरीत एकाच घरी तीनदा जाऊन प्रश्न विचारले आणि शहरात नमुना निवडताना घरी दहा लाखांहून महागडी गाडी आहे का, हे आधी पाहिलं, म्हणजे श्रीमंत घरं सुटू नयेत. पद्धत सुधारली हे चांगलंच झालं. पण त्यामुळे २०११-१२ शी केलेली तुलना कच्ची राहते. जिनी ग्रामीण भागात ०.२८३ वरून ०.२६६ वर आणि शहरांत ०.३६३ वरून ०.३१४ वर आला. पुढच्याच वर्षी तो ०.२३७ आणि ०.२८४ दाखवला गेला. समाजातली विषमता एका वर्षात एवढी घटत नाही. असा आकडा दिसला की समाजाआधी मोजणी तपासावी.

शिवाय बेसा, बेलतरोडी ही कालपर्यंतची खेडी आज नागपूरला चिकटलेल्या वसाहती आहेत, आणि नमुन्याची चौकट अजून २०११ च्या जनगणनेवर. ग्रामीण खर्चाच्या वाढीत असल्या वसाहतींचा वाटा किती, हे नवी जनगणना हाती आल्याखेरीज सांगता येणार नाही. घराचा खर्च माणसांत सारखा वाटून धरतात, त्यामुळे सुनेच्या ताटात काय पडतं हेही यात उमटत नाही.

खर्चाच्या मापाचा सर्वांत मोठा दोष कापसाच्या पट्ट्यात दिसतो. कपाशीवर बोंडअळी आली, घरातलं कोणी दवाखान्यात भरती झालं, सावकाराकडून पैसे काढले आणि बिल भरलं. सर्वेक्षणात हे घर त्या वर्षी वर सरकतं, कारण त्याचा खर्च वाढला. कर्ज वेगळ्या सर्वेक्षणात मोजतात, बऱ्याच वर्षांच्या अंतराने. दुसऱ्या टोकाला, जो कमावतो त्यातलं बरंच वाचवतो त्याचा खर्च उत्पन्नाच्या मानाने लहान, म्हणून तो खाली दिसतो. यामुळे उत्पन्नाचा प्रश्न थेट विचारून पाहण्याचे प्रयत्न झाले, पण लोकांनी सांगितलेलं उत्पन्न त्यांच्याच खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षा कमी भरायचं, म्हणून ते सोडून द्यावे लागले.

वरचं टोक मोजायला उरतं ते प्राप्तिकराचं दप्तर. ज्या खात्याकडे ते असतं त्याचे अधिकारी नागपुरातच घडतात. छिंदवाडा रोडवरच्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत भारतीय महसूल सेवेच्या तरुण अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण होतं. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यापासूनचे तक्ते वापरून लुकास शॉन्सेल आणि थॉमस पिकेटी यांनी २०१७ मध्ये दाखवलं की सर्वांत श्रीमंत एक टक्का लोकांचा राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा १९३० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे २१ टक्के होता, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ६ टक्क्यांपर्यंत उतरला आणि २०१४-१५ मध्ये २२ टक्क्यांवर गेला. नंतरच्या अभ्यासात २०२२-२३ साठी हा वाटा २२.६ टक्के आणि संपत्तीतला वाटा ४०.१ टक्के आला. खर्चाचा जिनी खाली आणि वरच्या एक टक्क्याचा वाटा वर, ही विसंगती नाही. एक सर्वेक्षण टोकापर्यंत पोचत नाही, दुसऱ्याला तळ दिसत नाही.

कराच्या तक्त्यांनाही भोकं आहेत. शेती उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नव्हता आणि नाही. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपेपर्यंत मध्य प्रांतातल्या मालगुजाराच्या शेतीची कमाई त्यात दिसलीच नाही, आजच्या शेकडो एकरांच्या मालकाचीही दिसत नाही. १९७० च्या दशकात कराचा सर्वोच्च दर ९७.७५ टक्क्यांवर गेला होता. त्या काळात घसरलेल्या वाट्यात खरी घट किती आणि लपवाछपवी किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. २००० नंतर तर बरीच वर्षं हे तक्ते छापलेच गेले नाहीत. २०१६ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध होऊ लागले. एवढं असूनही शंभर वर्षांचा आलेख हाती आहे, कारण कर गोळा करण्यासाठी का होईना, एकच नोंद चिकाटीने ठेवली गेली.

चिकाटीचं याहून सुंदर उदाहरण विदर्भातच आहे. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात कंझारा नावाचं गाव आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने १९७५ मध्ये महबूबनगर, सोलापूर आणि अकोला जिल्ह्यांत दोन-दोन गावं निवडली. अकोल्यातली कंझारा आणि किनखेडा. प्रत्येक गावात ४० घरं घेतली: दहा भूमिहीन मजुरांची, दहा लहान, दहा मध्यम आणि दहा मोठ्या कास्तकारांची. अन्वेषक गावातच मुक्कामाला असायचा आणि तीन-चार आठवड्यांनी त्याच घरी जायचा. कपाशीला आणि संकरित ज्वारीला किती खत टाकलं, किती दिवस निंदण केलं, रोजगार हमीच्या कामावर कोण गेलं, सालदाराला काय ठरलं, दागिना कधी गहाण पडला. पहिला टप्पा १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालला, २००१ पासून काम पुन्हा सुरू झालं.

नमुना सर्वेक्षणात दर फेरीला नवी घरं असतात. तळाचे दहा टक्के २०११ मध्ये कोण होते आणि आज कोण आहेत, ते त्यातून कळूच शकत नाही. कंझाऱ्यात कळतं. एका वर्षी पाऊस दगा देतो आणि मध्यम कास्तकाराचं उत्पन्न मजुराच्याही खाली जातं, पुढच्या वर्षी वर येतं. एकाच वर्षाचं उत्पन्न घेऊन जिनी काढला तर यातला बराच भाग पावसाचा असतो. पाच-सात वर्षांची सरासरी घेतली की जो उरतो तो जमिनीचा, जातीचा आणि शिक्षणाचा. रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये कंझारा आणि इतर दोन गावांची ही आकडेवारी वापरून दाखवलं की एखाद्या घराचं उत्पन्न पडलं तरी त्याचा खर्च तेवढा पडत नाही, तो गावाच्या एकूण परिस्थितीबरोबर हलतो. उसनवार, नातेवाईक, साठवलेलं धान्य यांच्या आधारावर घर तगतं. जगभरातल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वऱ्हाडातल्या या गावाचं नाव वाचलेलं आहे. अनुशेषावरच्या भाषणांत ते मी कधी ऐकलं नाही.

वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्यांच्या पुनर्गठनाचा ठराव राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये केला. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२५ पासून आपल्या सर्वेक्षणांत जिल्हा हा नमुन्याचा मूळ घटक धरला आहे, आणि घरोघरच्या उत्पन्नाचं देशव्यापी सर्वेक्षण २०२६ मध्ये करण्याची घोषणा केली आहे. मंडळं पुन्हा आली तर त्यांनी पहिलं काम रुपयांचा नवा आकडा काढण्याचं करू नये. १९८४ ची नऊ क्षेत्रं त्याच भौतिक मापांत आज कुठे आहेत ते तालुकावार मांडावं, हेक्टर आणि किलोमीटरसकट. नागपूर जिल्ह्याचा खर्च, उत्पन्न आणि कर्ज रामटेक, पारशिवनी, हिंगणा आणि शहर असं वेगळं छापावं, आणि विदर्भातल्या प्रत्येक जिल्ह्यात दोन गावं आणि एक मोहल्ला निवडून तीच घरं पुढची वीस वर्षं सोडू नयेत. कंझाऱ्यात हे १९७५ मध्ये जमलं होतं, एका अन्वेषकाच्या मुक्कामावर आणि चाळीस घरांवर.